भाकरीपासून पुढं

जुन्या गोव्याहून परत आल्यावर बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं एकच विचारलं, "सायबाकडं काय मागितलंस?" बॉम जेझू चर्चच्या रांगेत तीन तास उभा होतो. सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवाच्या चांदीच्या पेटीसमोर जेमतेम दहा सेकंद मिळाली. त्यात मी काहीच मागितलं नाही. माझं जे व्हायचं होतं ते दोन दिवस आधी चोर्ला घाटातच होऊन गेलं होतं. ते लिहून ठेवावं म्हणून बसलोय.

आमच्या भागातून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, चालत जायची रीत आहे. 24 नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, 3 डिसेंबरला फेस्त. बेळगाव, खानापूरकडची माणसं जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला उतरतात आणि केरी, साखळी करत जुन्या गोव्याला पोचतात. आमचे हिंदू शेजारी याला सरळ वारीच म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. शेजारचे काका दर आषाढीला पंढरपूरला चालत जातात. निघायच्या आदल्या रात्री ते खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "पायाला लाव, मोजे दोन घाल, आणि पहिल्या दिवशी कुणाच्या पुढं जाऊ नकोस."

मी कधी गेलो नव्हतो. जायची ती माझी बायको.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर आहे. बावीस वर्षं वाळूच्या पेट्या ठोकतोय. तिच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी हाताची धमनी शिरेला जोडतात, फिस्टुला म्हणतात त्याला. त्यावर बोटं ठेवली की आत मोटार चालल्यासारखी घरघर लागते. ती लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. रात्री झोपताना मी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचो. ती म्हणायची, "चालू आहे काय मशीन?" "चालू आहे," म्हटलं की मग जपमाळ. अडीच वर्षं एकही रात्र चुकली नाही. खाडे झाले म्हणून कारखान्यानं पगार कापला, तिची पाटली गहाण पडली, पण प्रार्थना चुकली नाही. एका पहाटे बोटं ठेवली तर हाताला काहीच लागलं नाही.

त्यानंतर मी चर्चमधली मिस्सा सोडली नाही. लोकांना वाटलं, बरा सावरला. पण एक गोष्ट कुणाला कळली नाही. बापाच्या प्रार्थनेत 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की माझं तोंड मिटायचं. त्याच्या इच्छेनं झालं ते मी बघितलं होतं. आणखी व्हावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? जपमाळेत तर सोपंच होतं. पहिला अर्धा भाग सांगणारा म्हणतो, बाकीचे 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' तिथून उचलतात. ती ओळ सांगणाऱ्याच्या वाट्याची. मी सांगणारा व्हायचंच टाळलं. चौदा महिने माझी प्रार्थना भाकरीपासून सुरू होत होती.

गुरुवारी पहाटे पिरनवाडीहून निघालो. अठ्ठावीस माणसं, पुढं लाकडी क्रूस, मागं हातगाडीवर सायबाची तसबीर, स्पीकर आणि बॅटरी. किणये मागं पडलं, कुसमळीला मलप्रभा ओलांडली, अंधार पडता पडता जांबोटी. पहिला दिवस पायांचाच असतो, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

मुक्कामी जेवणं झाल्यावर आमच्या मास्तरांनी झेवियरची गोष्ट सांगितली. लहानपणापासून ऐकलेली, तरी त्या रात्री वेगळी लागली. 6 मे 1542 ला तो गोव्यात उतरला. दहा वर्षं मलबारच्या टोकापासून जपानपर्यंत फिरला. शेवटी चीनला जायचं मनात धरलं आणि किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर नावेची वाट बघत बसला. परक्याला चोरून आत नेणं म्हणजे जिवाशी खेळ, तरी एक व्यापारी कबूल झाला होता. तो आलाच नाही. झेवियरला ताप भरला आणि 3 डिसेंबर 1552 ला, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो तिथंच गेला. उशाशी अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण होता. ज्या कामासाठी गेला ते झालंच नाही. मी घोंगड्यात पडून विचार करत होतो, की ज्या दिवशी त्याचं काम अर्धवट राहिलं त्याच दिवसाचं फेस्त करायला आपण चाललोय. त्या बेटावर त्यानं 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ कशी म्हटली असेल?

शुक्रवारी पहाटे पाचला पुन्हा चालायला लागलो. शुक्रवार म्हणजे जपमाळेतली दुःखाची रहस्ये, येशूच्या दुःखाचे प्रसंग. मास्तर दहा-दहा मण्यांची दशकं सांगायला वाटून देत होते. माझ्यापाशी आले तेव्हा मी मान हलवली. शेजारी खानापूरकडची एक मावशी चालत होती, पायात प्लास्टिकच्या चपला, डोक्याला टॉवेल. ती म्हणाली, "त्याचं मी म्हणतो." (आमच्याकडं बायकाही 'म्हणतो, येतो' असंच बोलतात.) तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

वाटेत वनखात्याचा गार्ड गाडी थांबवून म्हणाला, "करडी ऐती री," म्हणजे अस्वल आहे, जपून. तसे सगळे जवळ जवळ चालायला लागलो. कणकुंबीला दुपार झाली. माउलीच्या देवळाजवळ, मलप्रभा उगवते तिथं, सावलीला टेकलो. मावशीनं भाकरी सोडली, खर्डा काढला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"कोण गेलं तुझं?"

मी सांगितलं. ओळीचंही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, पाद्रींनाही सांगितलं नव्हतं.

तिनं घास संपवला. "माझा धाकटा कोरोनात गेला. एकवीस साली. तोंड बघू दिलं नाही. वर्षभर मी पण ते म्हटलो नाही. माझी जाऊ म्हणायची, तू गप बस, तुझ्या वाटणीचं मी म्हणतो. बापाला काय, घरातलं कुणीतरी म्हटलं म्हणजे झालं." मग भाकरीचा तुकडा खाली पडला होता तो उचलून कावळ्याला टाकला. "तुला यायचं तवा येईल. तवर तू चाल की."

तेवढंच बोलली. मला रागही आला नाही, रडूही आलं नाही. माझ्यामुळं प्रार्थनेत चौदा महिने भोक पडलंय असं मी धरून चाललो होतो, आणि इथं ते कुणीतरी आपलं समजून भरत होतं. माझी बायको असती तर तिनंही हेच केलं असतं.

चोर्ला लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिथं एकमेकांना टेकतात, पण पायांना फक्त उतार कळतो. गुडघे थरथरतात, अंगठे बुटाच्या टोकाला आपटतात. वळणावर ट्रक आला की डोंगराच्या अंगाला चिकटून उभं राहायचं. अर्ध्या घाटात स्पीकरची बॅटरी संपली. अंधार, खाली दरी, माणसं विखुरलेली. मास्तर ओरडून म्हणाले, जपमाळ सुरू करा, आवाजाच्या आधारानं एकत्र राहू. पहिलं रहस्य, गेथशेमनी बागेतली वेदना. सांगणार मावशी.

तिनं तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. दिवसभर म्हणून म्हणून तिचा घसा बसला होता. पुन्हा प्रयत्न केला, खोकला लागला. मागचे लोक थांबले. मावशीनं आपली माळ माझ्या हातात दिली. लाकडी मणी, घामानं ओले.

बागेत येशूनंही आधी 'हा प्याला टळो' असंच म्हटलं होतं. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. ते म्हणून झाल्यावरच त्यानं पुढचं, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो', म्हटलं. इतकी वर्षं ऐकून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

फाउंड्रीत भट्टीच्या आवाजावर ओरडायची सवय असते. मी छाती भरून घेतली. 'हे आमच्या स्वर्गातील बापा.' आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला. 'तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो.' इथं एक श्वास गेला. मग मावशीच्या वाटणीचं म्हणून मी ती ओळ म्हटली, शेवटच्या शब्दापर्यंत.

वरच्या वळणावरून, खालच्या वळणावरून, दिसत नव्हती त्या सगळ्यांनी भाकर उचलली. शेजारून घोगरा आवाजही त्यात होता. मी अंगठ्यानं पहिला मणी सरकवला आणि नमो मरिया सुरू केलं.