फक्त ‘ऊब द्या’ म्हणालो होतो

“पेढा भाजलाय, डॉक्टर आहेत का?”

फोन कंपाउंडरनं घेतला होता. हा प्राण्यांचा दवाखाना आहे, हलवायाचं दुकान नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. पलीकडून रडवेल्या आवाजात आलं, “साप आहे हो तो.” तेव्हा मला आठवलं. घोडबंदर रोडचा मुलगा, बॉल पायथन, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. महिन्यापूर्वी त्याचा फोन आला होता. साप जेवत नाही, म्हणाला. माझ्यासमोर टेबलावर एक लॅब्रॅडोर टाके घालून घेत होता. “थंडी पडलीय, खोलीत एसी लावतोस ना? ऊब दे त्याला,” एवढं बोलून मी फोन ठेवला होता.

तासाभरात दोघं पाचपाखाडीला दवाखान्यात हजर झाले, तो आणि त्याची आजी. कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलेल्या रिक्षात आजींनी मांडीवर गाठ मारलेला उशीचा अभ्रा धरला होता. रिक्षावाल्यानं विचारलं तर ‘पापड आहेत’ म्हणायचं ठरलं होतं. त्यानं विचारलंच नाही, याची आजींना थोडी खंतच होती.

अभ्रा सोडला. पेढा मुटकुळं करून, डोकं आत खुपसून बसला होता. घाबरला की हा साप चेंडू होतो, म्हणून त्याचं नाव बॉल पायथन. हळूच उलटा केला आणि मी काही वेळ बोललोच नाही. पोटाखालचे खवले मध्यावर वीतभर लांबीत लालभडक झाले होते, काही ठिकाणी पाण्यानं भरलेले फोड होते आणि दोन पट्टे करपून तपकिरी पडले होते.

“हीटिंग मॅट लावलीस?”

“हो, तुम्ही म्हणालात ना, ऊब द्या.”

“थर्मोस्टॅट?”

ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारं यंत्र. तो माझ्याकडे बघत राहिला. मॅट ऑनलाइन आली होती, वायर थेट प्लगमध्ये. काचेच्या पेटीच्या भिंतीला चिकटवलेला थर्मामीटर सत्तावीस दाखवायचा. पोराला वाटायचं, अजून पुरेसं गरम होत नाहीये, म्हणून रात्रीसुद्धा बंद करायचा नाही. खरं तर मॅट हवा फारशी तापवत नाही, तापते ती तिच्यावरची काच. त्यावर त्यानं नारळाच्या काथ्याचा चार बोटं जाड थर घातला होता, त्यामुळे उष्णता खालीच कोंडत होती. आणि हा साप उकरून खाली शिरणाऱ्यातला. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो.

सलाईन, वेदनाशामक, जखम धुणं, सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावरचं मलम, न चिकटणारी पट्टी. हे सगळं होत असताना आजी बाकावरून सरकत सरकत टेबलापाशी आल्या होत्या.

“मला एक सांगा, याला पोळलं तर हा उठला का नाही?”

हा प्रश्न सगळेच विचारतात. गंमत म्हणजे बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, अंधारातही उंदराची ऊब त्याला कळते. पण पोटाखालचा तापलेला पृष्ठभाग सोडून तो वेळेत उठत नाही. साप पाळणाऱ्यांमध्ये ‘हॉट रॉक’ हा विजेचा गरम दगड बदनाम आहे, तो याचमुळे.

आजींनी डावी चप्पल काढली. घोट्यावर जुना, चकचकीत डाग होता. “मला शुगर आहे. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले होते. सकाळी फोड. रात्रभर काही कळलं नाही.” मग नातवाकडे वळून, “तेव्हा मला किती ओरडला होतास.”

कागदपत्रांचं मी आधीच पाहिलं होतं, तेही इथेच सांगून टाकतो. हा परदेशी साप ‘साइटिस’च्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्याची सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती त्यानं केलेली होती. अभ्र्यातून मांडूळ, धामण किंवा आपला अजगर निघाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते घरात ठेवताच येत नाहीत आणि मला आधी वनखात्याला कळवावं लागलं असतं.

खरं म्हणजे इथेच माझं काम संपायला हवं होतं. पण ‘ऊब दे’ हे माझेच शब्द होते. संध्याकाळी दवाखाना बंद करून मी त्यांच्या घरी गेलो.

बाविसावा मजला. जानेवारी असूनही पोराच्या खोलीत एसी वीसवर, कारण तो गेमिंगवाला कम्प्युटर. मी इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक घेऊन गेलो होतो. (कोविडच्या वेळी सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावायचे ती नव्हे. ती अंगाच्या तापापुरतीच.) मॅट पुन्हा सुरू करून तासभर थांबलो, तेवढ्यात चहा आणि चिवडा झाला. मग काथ्या बाजूला सारून काचेवर बंदूक धरली. सत्तेचाळीस. पेटीच्या दुसऱ्या टोकाला बावीस.

म्हणजे दुसऱ्या टोकाला गारवा होता. मग पेढा तिकडे सरकला का नाही? उत्तर समोरच होतं. दुसऱ्या टोकाला पाण्याचं भांडं होतं आणि बाकी सगळं उघडं. लपायला एकच जागा होती, झाडाच्या पोकळ ओंडक्यासारखी दिसणारी महागडी गुहा, आणि ती बरोब्बर मॅटच्या वर. बिळात राहणाऱ्या जनावराला उघड्यावर झोपणं म्हणजे घार-मुंगसाला आमंत्रण. बाविसाव्या मजल्यावर मुंगूस येत नाही, हे त्याला कोण सांगणार? पोळत का होईना, तो आडोशाला राहिला. दवाखान्यात मी आजींना दिलेलं उत्तर अर्धंच होतं.

ती गुहाही चुकीचीच. एवढी मोठी की आत तीन पेढे मावतील. सापाला आडोसा अंगाला लागेल असा हवा, पाठ-कुशी भिंतीला टेकली पाहिजे.

“आजी, घरात श्रीखंडाचे डबे असतील?”

हा काय प्रश्न झाला! मराठी घर आहे. एक किलोवाले दोन डबे आले, एकात शेवया होत्या, त्या रिकाम्या झाल्या. कडेला अर्धगोल दार कापलं, मेणबत्तीवर धार बोथट केली आणि डबे उपडे घातले. एक गरम बाजूला, एक गार बाजूला, दोन्ही अगदी सारखे. सारखे का, तर त्याला जागा निवडताना फक्त उबेचा विचार करावा लागावा, सुरक्षितपणाचा नाही. मॅट जमिनीच्या एक-तृतीयांश भागाखाली. काथ्या गेला, जखम भरेपर्यंत साधा पांढरा कागद. थर्मोस्टॅट दुसऱ्या दिवशी आला. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, भिंतीला नाही, डब्याच्या आत, साप जिथे पोट टेकतो तिथे. सेट केला बत्तीसला, आणि साप आत सोडण्याआधी पूर्ण दिवस नुसतं मोजत बसायला पोराला लावलं. एसी पंचवीसवर. त्याला थोडं जड गेलं.

उष्णता काढून घ्यायची नव्हती, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. साप गार पडला तर ना जखम भरत, ना खाल्लेलं पचत, वर छातीत कफ होतो.

मे महिन्यात पुन्हा फोन. या वेळी उलटं. बाहेर अडतीस, दिवसभर बंद फ्लॅट, पेटी पश्चिमेच्या खिडकीशी. मॅटचा प्लग काढायला सांगितला आणि पेटी हॉलच्या आतल्या भिंतीला हलवायला लावली. ठाण्यात वर्षातले काही महिने सापाला ऊब देण्यापेक्षा गारवा शोधून देणं अवघड असतं. फोन ठेवण्याआधी विचारलं, दोन्ही डबे आहेत ना जागेवर? आहेत, म्हणाला.

ऑगस्टमध्ये तपासणीला आले. तोवर पेढ्यानं चार वेळा कात टाकली होती आणि दर कातीबरोबर पोटावरची जखम थोडी थोडी भरत गेली होती. खवले सरळ ओळीत आलेले नाहीत, मध्येच सुरकुतल्यासारखी एक पट्टी आहे, ती राहील. उंदीर नियमित खातो. वजन सहाशे ऐंशी.

“आता त्याला ते डबे पुरत नाहीत,” पोरगा म्हणाला. “अर्धा बाहेर राहतो.”

“मग मोठे घ्या.”

“दोन किलोवाले आणायला हवेत,” आजी म्हणाल्या. “दोन. म्हणजे चार किलो श्रीखंड.” मग नातवाकडे न बघता, हळूच, “डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणावं.”