लिव्हरपूलने आधी कोण घ्यावा?

काल संध्याकाळी पार्क चौकात लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या आम्हा चाहत्यांत पुन्हा तोच वाद रंगला: क्लबने नामांकित आघाडीपटू घ्यावा, की आधी बचाव भक्कम करावा? मी बचावाच्या बाजूचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये आमचा आक्रमक खेळाडू कुटिन्हो बार्सिलोना क्लबला गेला तेव्हा मी फार हळहळलो होतो. परंतु त्याच महिन्यात सुमारे ७.५ कोटी पौंडांना आलेला बचावपटू व्हॅन डाइक आणि पुढे उन्हाळ्यात आलेला गोलरक्षक अ‍ॅलिसन यांनी संघाचा पाया असा घट्ट केला, की २०१९ मध्ये युरोपातील क्लबांची चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये तब्बल ३० वर्षांनी देशातील लीगचे विजेतेपद मिळाले. धाकटा मित्र मात्र २०१७ मध्ये रोमा क्लबकडून आलेल्या आघाडीपटू सालाहचे उदाहरण देतो, आणि ते मला खोडून काढता येत नाही.