कुकडी, निघोज आणि दगडाला पडलेले रांजण

कुकडी म्हटलं की आमच्याकडे लोकांना आवर्तनच आठवतं, म्हणजे धरणातून कालव्याला पाळीनं सुटणारं पाणी. पाणी कधी सुटणार, कुठल्या तालुक्याला किती, कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पोचणार का नाही, बास. नदी म्हणून तिच्याकडे कोण बघतंय? म्हणून एकदा तिच्या काठच्या निघोजला, पात्रातल्या खडकात पडलेले रांजणखळगे बघायला जायचंच होतं. वाघोलीच्या ट्रॅफिकबद्दल बोलत नाही, बीपी वाढतं.

तिथं मळगंगा देवीचं दर्शन पटकन उरकलं आणि पात्रात उतरलो. काळा बेसॉल्ट, आणि तो नदीनं नुसता पोखरून काढलाय! पुरात भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरागरा फिरत राहतात, आधी जरासा खोलगट भाग होतो, मग गोटे त्यातच अडकतात आणि दर पावसाळ्यात तेच घासकाम, असं हजारो वर्षं चाललंय. म्हणजे जोर पाण्याचा, पण कोरायचं काम गोट्यांचं. एका छोट्या खळग्याशी उकिडवा बसलो, कोपरापर्यंत हात घातला तर तळाला खरंच गोटे होते, एक तर लिंबाएवढा, इतका गुळगुळीत की बोटांतून सटकत होता. खळग्याची भिंतही आतून तशीच गुळगुळीत, वरची कड मात्र खरबरीत. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून आरपार भोक पडलेलं. गोटा होता तिथंच टाकला, त्याचं काम अजून चालूय.

पुढच्या मोठ्या खळग्यात काय, तर चिप्सची पाकिटं आणि निर्माल्य. डोकंच फिरलं. वर झुलत्या पुलावर पब्लिक मुद्दाम पूल हलवून किंचाळतंय, रील चालूय. शिवाय जो तो सांगणार, "हे रांजणखळगे आशियातले सगळ्यात मोठे!" मोजायला गेलं होतं कोण?

त्यातल्या त्यात एक आजोबा भेटले, पलीकडच्या टाकळी हाजीचे. म्हणजे ह्या काठाला पारनेर तालुका, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर), त्या काठाला शिरूर, पुणे जिल्हा. मी कडेला वाकलेला बघून म्हणाले, "पाव्हणं, जपून, शेवाळ हाय." पावसाळ्यात चांगला पूर आला की ह्यातलं काही दिसत नाही म्हणे, नुसतं गढूळ पाणी. त्यामुळे जायचं तर दिवाळीनंतर, आणि रविवार सोडून.

आता नाणेघाटाजवळ पूरला जायचंय, कुकडी उगम पावते तिथलं कुकडेश्वराचं जुनं देऊळ बघायला. चैत्रात मळगंगेच्या यात्रेला चल म्हणून मित्र मागं लागलाय, पण ती गर्दी आपल्याला झेपायची नाही.