पळण्यापेक्षा मागणं अवघड

एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी अर्धमॅरेथॉनमध्ये उतरलं की दोन कामं अंगावर येतात: 21.1 किलोमीटर पळणं आणि कबूल केलेला निधी जमवणं. पहिल्याचं वेळापत्रक तयार मिळतं, दुसऱ्याचं कुणी देत नाही. कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने माझ्या नावाचं देणगीचं पान उघडून दिलं, पण त्याची लिंक बरेच दिवस माझ्या मोबाइलमध्येच पडून होती. पैसे मागायला जीभ रेटेना.

शेवटी पहिली देणगी मीच भरली. कोऱ्या पानावर पहिला पैसा टाकायला कुणी पुढे येत नाही. मग सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज न टाकता एकेकाला नावानिशी लिहिलं. मामेभावाने सरळ विचारलं, "ताई, पैसे संस्थेलाच द्यायचेत ना? मग तू कशाला पळतेस?"

प्रश्न रास्त होता. ऑलिव्होला आणि शफीर या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की देण्यासाठी कष्ट सोसावे लागणार असतील तर लोक जास्त द्यायला तयार होतात. टेरी फॉक्सचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला हा तरुण 1980 मध्ये कर्करोग संशोधनाला निधी जमवण्यासाठी कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला आणि 5,373 किलोमीटर पळाल्यावर आजार फुप्फुसांत पसरला म्हणून थांबला. त्याच्या नावाने आजही लोक पळतात.

माझ्या बाबतीत मात्र कष्टांपेक्षा निमित्त जास्त उपयोगी पडलं. शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसणाऱ्या सहकाऱ्याने देणगीसोबत आईच्या आजारपणाबद्दल चार ओळी लिहिल्या. एरवी हे आम्ही कधी बोललो नसतो. असे मेसेज येत गेले आणि सराव चुकवणं जड जाऊ लागलं.

एक गोष्ट खटकली. पानावर नाव आणि रक्कम दोन्ही दिसतात. वरिष्ठांचा आकडा पाहून कमी पगाराच्या माणसाने काय करावं? मी रक्कम लपवण्याचा पर्याय सगळ्यांना आवर्जून कळवला. शिवाय ज्याच्या ओळखी श्रीमंत, त्याचा निधी मोठा; त्यात धावकाची थोरवी काही नाही.

शर्यत ठीक झाली, शेवटचे किलोमीटर बहुतेक चालतच. त्यानंतर जमलेल्या पैशांचा हिशेब आणि आभार सगळ्यांना पाठवले. आता त्यांच्या लिंक माझ्याकडे येतात, आणि नाही म्हणता येत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढते.