एकाच ‘पिक’ने तीन बोटांची चाल

खान्देशात ‘बेंजो’ म्हटले की एकच वाद्य डोळ्यांसमोर येते. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या कळा, आणि कानबाईच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत भोंग्यातून गल्लीभर पसरणारा त्याचा आवाज. आमच्या अमळनेरच्या घरात हे वाद्य माझ्या लहानपणापासून आहे, कारण माझे थोरले काका, ज्यांना सगळे घर जिभाऊ म्हणते, यांनी बेंजो पार्टीत अनेक वर्षे वाजवले आहे. त्यामुळे अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताविषयी घरात काही सांगायला गेलो की पहिल्याच वाक्याला खुलासा करावा लागतो. तिथला बँजो वेगळा आहे. त्याला कळा नसतात, ढोलकीसारखे चामडे ताणलेल्या गोल तबकडीवरून त्याच्या तारा जातात आणि वादक उजव्या हाताच्या बोटांनी त्या छेडतो. हा फरक आधी स्पष्ट करणे भाग आहे, कारण ज्या मेंडोलिनवादकाविषयी मला लिहायचे आहे, त्या जेसी मॅक्रेनॉल्ड्स यांची सारी थोरवी त्या बँजोच्या चालीत दडलेली आहे.

ब्लूग्रास हे नाव बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरून पडले. मन्रो केंटकीचे, जन्म १९११ चा, आणि मेंडोलिन हे त्यांचे वाद्य. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हे तरुण बँजोवादक त्यांच्याकडे आले आणि या संगीताचा आजचा आवाज घडला. बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन, गिटार, मेंडोलिन आणि उभा बास एवढीच वाद्ये असतात, तालवाद्य नसते. तालाची जबाबदारी बरीचशी मेंडोलिनवर पडते, कारण वादक प्रत्येक दुसऱ्या मात्रेवर तारा जोरात छेडून त्याच क्षणी दाबून टाकतो आणि त्या तुटक ठोक्याने ढोलकीची उणीव भरून निघते. हे काम नीट करणारा माणूस कानाला जाणवतही नाही. तो चुकला तरच जाणवतो.

मन्रो यांचे वादन इतके जोरकस होते की त्यानंतर जो कोणी ब्लूग्रासमध्ये मेंडोलिन हातात घेई, तो त्यांच्यासारखाच वाजवू पाही. त्यांचे गिब्सन एफ-५ मेंडोलिन आज जवळजवळ पूजनीय मानले जाते आणि त्यातील लेबलावर गिब्सन कंपनीचे तंत्रज्ञ लॉइड लोअर यांच्या सहीखाली ९ जुलै १९२३ ही तारीख आहे. जेसी मॅक्रेनॉल्ड्स यांचा जन्म बरोबर सहा वर्षांनी, ९ जुलै १९२९ रोजी व्हर्जिनियातील कोबर्न या गावी झाला. योगायोगांना मी एरवी फारसे महत्त्व देत नाही, पण ही तारीख मात्र माझ्या मनात घर करून बसली आहे.

कोबर्न हा व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य टोकाचा, कोळसा खाणींचा डोंगराळ मुलूख. जेसींचे आजोबा चार्ल्स मॅक्रेनॉल्ड्स फिडल वाजवत, आणि १९२७ साली ब्रिस्टल येथे झालेल्या ज्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे कंट्री संगीताचे आद्य गायक पहिल्यांदा जगापुढे आले, त्याच ध्वनिमुद्रणांत आजोबांचाही वाद्यवृंद होता. थोरले बंधू जिम हे गिटार वाजवत आणि वरच्या पट्टीतला आवाज लावत, तर मुख्य सुरावट जेसी गात. दोघे १९४७ मध्ये रेडिओवर गाऊ लागले आणि १९५२ मध्ये कॅपिटल कंपनीसाठी त्यांची ध्वनिमुद्रणे झाली. पण नाव होऊ लागले आणि लगेच जेसींना सैन्यात भरती होऊन कोरियाला जावे लागले. नाव होण्याच्या ऐन दिवसांत पडलेला हा खंड त्यांना फार महागात पडला, असे मला वाटते.

आता त्या तंत्राकडे वळतो. ते समजल्याशिवाय या माणसाचे मोल कळणार नाही.

स्क्रग्ज बँजो वाजवत ते अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशा तीन बोटांनी. तीन बोटे आळीपाळीने तीन वेगवेगळ्या तारांवर पडत राहतात, त्यामुळे सुरांची एक अखंड गुंफण तयार होते आणि तिच्यातूनच गाण्याची चाल डोके वर काढते. जेसींना ही गुंफण मेंडोलिनवर हवी होती. अडचण अशी की मेंडोलिन एका पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने वाजते. आठ तारा, त्यांच्या चार जोड्या, व्हायोलिनसारखेच लावलेले सूर आणि चिमटीत धरलेला एकच तुकडा. तीन बोटांचे काम त्याच्याकडून करवून घ्यायचे कसे?

जेसींनी काढलेला मार्ग सांगायला सोपा आहे. पिक आधी जाड जोडीवर वरून खाली पडते, तिथून उडी मारून सर्वांत बारीक जोडीखाली जाते, आणि वर येताना आधी ती बारीक जोडी व मग मधली जोडी छेडते. एक आघात खाली, दोन वर. हेच पुन्हा एकदा, आणि शेवटी एक खाली, एक वर. आठ आघातांची ही तीन-तीन-दोन अशी विभागणी होते. खाली पडणारा आघात स्वाभाविकपणे वजनदार असतो, म्हणून चालीचे सूर त्याच्यावर येतात आणि उरलेले आघात मागे झुळझुळत राहतात. सतारीच्या झाल्यात चिकारी जशी मधल्या जागा भरत राहते, त्याच जातीचा हा परिणाम आहे. या पद्धतीला क्रॉसपिकिंग म्हणतात.

पुस्तकी वर्णन वाचून मला हे अनेक महिने जमले नव्हते. मोजू लागलो की पिक अडखळे, आणि उडी मारताना मधल्या जोडीला घासून जाई. मग एके दिवशी गच्चीवर बसून सहज केहरवा तोंडाने म्हणत असताना उलगडा झाला. धा गे ना ती, न क धि न. आठ मात्रा. यातली पहिली, चौथी आणि सातवी मात्रा, म्हणजे धा, ती आणि धि, हीच जेसींच्या पिकची खाली पडण्याची ठिकाणे आहेत. आपण लहानपणापासून भजनात, लावणीत, वरातीत ज्या तालावर मान डोलावली, त्याच्याच अंगात ही तीन-तीन-दोनची विभागणी आहे. त्या दिवसापासून मी आकडे मोजणे सोडले आणि ठेका म्हणू लागलो. हात हळूहळू सुटला. वेग अजून यथातथाच आहे, पण धा कुठे आणि ती कुठे, याचा संभ्रम आता होत नाही.

जिभाऊंना मी जेसींचे जुने ध्वनिमुद्रण प्रथम ऐकवले, तेव्हा ते ओट्यावर बसून चहा घेत होते. वाजवणारा कोण, कुठला, हे मी काही सांगितले नाही. त्यांनी कप खाली ठेवला, थोडा वेळ नुसते ऐकले आणि विचारले, “दोन जन वाजाडी ऱ्हायनात का रे?” एकटा माणूस वाजवतो आहे, हे त्यांना पटेना. मग मी मेंडोलिन आणून अगदी संथ लयीत तो आघातक्रम दाखवला. त्यांची नजर माझ्या चेहऱ्याकडे किंवा डाव्या हाताकडे गेलीच नाही, ती मनगटावर खिळून राहिली. आयुष्यभर तारा छेडलेला माणूस कुठे पाहतो, हे त्या दिवशी मला दिसले. त्यांनी ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितले आणि दुसऱ्या वेळी त्यांचा उजवा हात मांडीवर बारीक हलत होता.

जेसींचे दुसरे तंत्र याहूनही अवघड आहे. मेंडोलिनच्या जोडीतील दोन्ही तारा एका सुरात लावलेल्या असतात आणि बोटाने दोन्ही एकदम दाबायच्या असतात. जेसी त्यांतली एकच तार दाबून दुसरी मोकळी सोडत, त्यामुळे एकाच जोडीतून दोन भिन्न सूर निघत. या दोन तारांमधले अंतर इतके कमी असते की बोटाचे टोक केसभर सरकले तरी दुसरी तार मुकी होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चढला की तारा उष्णतेने सैल पडून उतरतात आणि जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी भांडू लागतात. तेव्हा मला एकाच जोडीतून नको असलेले दोन सूर ऐकू येतात. जेसी हवे असलेले दोन सूर काढत, आणि तेही गाण्याच्या भर वेगात.

एवढे सगळे असताना हा माणूस उपेक्षित का राहिला? त्यांना मान मिळाला नाही असे नाही. १९६४ मध्ये जिम आणि जेसी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाचे सदस्य झाले, १९९३ मध्ये ब्लूग्रासच्या मानकऱ्यांत त्यांची गणना झाली आणि १९९७ मध्ये त्यांना अमेरिकेची राष्ट्रीय वारसा पाठ्यवृत्ती मिळाली. पण मेंडोलिनचे नाव निघाले की आधी मन्रो आठवतात, नंतर अलीकडचे झगमगते वादक आठवतात, आणि आपल्याकडे तर कर्नाटक संगीतातले मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्यापलीकडे कोणाला फारशी नावे ठाऊकच नसतात. माझ्या मते याचे खरे कारण त्यांच्या वादनाच्या स्वभावात आहे. ते भावाच्या आवाजाभोवती वाजवत. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत येत, आपले काम चोख करून बाजूला होत. शिवाय त्यांची पद्धत उचलायला कठीण असल्याने अनुकरण करणारे थोडे, आणि ज्याचे अनुकरण कमी होते त्याचे नावही कमी वेळा घेतले जाते.

कुतूहलाच्या बाबतीत मात्र त्यांच्या पिढीत त्यांना तोड सापडणे कठीण. १९६५ मध्ये, जेव्हा ब्लूग्रासच्या श्रोत्यांना रॉक अँड रोल मुळीच खपत नसे, तेव्हा या दोघा भावांनी चक बेरी यांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. १९६९ मध्ये ‘द डोअर्स’ या रॉक वाद्यवृंदाच्या ‘द सॉफ्ट परेड’ या अल्बममधील एका गाण्यात जेसींचे मेंडोलिन आहे. आणि २०१० मध्ये, वयाच्या ऐंशी-एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाच्या गाण्यांचा अल्बम काढला. जिम तोवर हयात नव्हते. २००२ च्या ३१ डिसेंबरला ते गेले आणि पंचावन्न वर्षांची जोडी तुटली, तरी जेसी वाजवत राहिले.

२३ जून २०२३ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागोमाग चारच दिवसांनी बॉबी ऑस्बर्न हे दुसरे थोर मेंडोलिनवादक आणि गायकही गेले. आमच्याकडे त्या वर्षी पाऊस लांबला होता, कपाशीच्या पेरण्या खोळंबल्या होत्या आणि ओट्यावर सगळी चर्चा आभाळाचीच होती. जिभाऊंना मी बातमी सांगितली, तर ते एवढेच म्हणाले, “तो दोन मानसंना आवाज काढे, तोच ना?” आणि ते जुने ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितले.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची आहे, त्यांनी अलीकडच्या गोळीबंद संकलनांपेक्षा १९५० च्या दशकातील कॅपिटलच्या ध्वनिमुद्रणांकडे आधी जावे. ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नयेत, कारण मागे झुळझुळणारे वरचे आघात त्यात हरवतात. पहिल्यांदा गाणे म्हणूनच ऐकावे. दुसऱ्यांदा मेंडोलिनची जागा आली की मांडीवर केहरवा धरावा आणि धा, ती, धि या तीनच ठिकाणी बोट टेकवावे. चालीचा सूर बोटाखाली सापडेल.