दा नांग : दिवाळीत जाऊ नका आणि निळी नोट दोनदा बघा

व्हिएतनाममधल्या दा नांग शहराजवळचा हाय वान घाट दुचाकीवर "आरामात होतो" असं सांगणारे सगळे उन्हाळ्यात गेले असणार. मी गेलो दिवाळीच्या सुट्टीत. आपला पाऊस आटोपतो तेव्हा दा नांगचा भरात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिथला श्रावण-भाद्रपद. रजा फेब्रुवारी ते मे मध्ये टाका, विषय संपला.

हाय वान म्हणजे समुद्रावरचे ढग. नाव खोटं नाही. माथा ५०० मीटरच्या आसपास, घाट वीसेक किलोमीटर. २००५ पासून खालून बोगदा आहे, तेव्हा वर सामसूम असेल अशी माझी समजूत. पण बोगद्यात दुचाकी चालवू देत नाहीत आणि पेट्रोलचे टँकरही सोडत नाहीत. त्यामुळे धुक्यात, ओल्या वळणावर समोरून येतो तो नेमका टँकर! आधी दोन पिवळट दिवे, मग हॉर्न, मग हातभरावरून जाणारं चाक. आंबेनळी कोळून प्यायलोय मी, तरी माथ्यावर ब्रेकवरची बोटं सरळ होईनात. वर जुनी वेस आणि फ्रेंचांचे बंकर आहेत. मला दिसल्या चार विटा. पाऊस असेल तर चारचाकी भाड्याने घ्या किंवा घाटापलीकडच्या ह्युए शहराची रेल्वे पकडा, ती समुद्राच्या कडेनेच जाते.

पायथ्याशी पातळ प्लास्टिकचा रेनकोट घेतला, वीस हजार डोंग. ती नोट निळी. पाच लाखांचीही निळी, दोन्हीवर हो ची मिन्ह. मी दिली पाच लाखांची, मावशींनी हसून गल्ल्यात टाकली. साधारण सोळा-सतराशे रुपयांचा रेनकोट, पहिल्याच वळणावर काखेत फाटला. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

१९९७ मध्ये क्वांग नाम प्रांतापासून वेगळं झाल्यावर या शहराने पुलांचा सपाटाच लावला. ड्रॅगन पूल २०१३ चा, शनिवार-रविवारी रात्री आग ओकतो आणि मग पाणी फवारतो. मला आणखी भिजायची हौस नव्हती. आता २०२५ मध्ये क्वांग नाम पुन्हा याच शहरात आलं, म्हणजे जवळचं जुनं शहर होई आनसुद्धा कागदोपत्री दा नांगच.

‘मी खे’ नावाच्या किनाऱ्यावर दोन दिवस लोळलो. छान.

चाम लोकांच्या (इथल्या जुन्या हिंदू राज्याच्या) शिल्पांचं संग्रहालय मात्र चुकवू नका. ‘मी सन’ या जुन्या देवळांच्या जागेहून आणलेला उभा गणपती आहे, सोंड थेट खाऊच्या वाटीत. त्याच्यासमोर ओल्या बुटांनी अर्धा तास उभा होतो. छत्री दारातच ठेवायला लावतात, परत घेताना आपलीच उचला.