डोकं किती वाजता दुखायला लागलं?

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

वैशाख लागला की पुण्यात डोकेदुखीचं कारण शोधावं लागत नाही. भर दुपारी लक्ष्मी रोडवर हेल्मेट घालून दोन सिग्नल काढले की कुणाचंही डोकं चढतं. उन्हाखालोखाल पित्त, मग चष्म्याचा नंबर, मग सायनस. घराघरांत ही चार उत्तरं तयार असतात आणि बहुतेक वेळा त्यांवर भागतंही. आज लिहायला घेतलंय ते न भागणाऱ्या वेळेबद्दल.

चारांत सगळ्यात चिवट पित्त. डोकं ठणकतंय, मळमळतंय, उलटी झाल्यावर मोकळं वाटलं, म्हणजे पित्तच! ही खरं तर बऱ्याचदा अर्धशिशी असते. तिचा झटका औषध न घेता ४ ते ७२ तास चालतो आणि तेवढ्या वेळात जठराचं कामही मंदावतं. म्हणून मळमळतं. म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते आणि 'मला गोळ्या लागूच पडत नाहीत' अशी तक्रार होते. गोळी दुखायला लागल्या लागल्या घ्यायची. मळमळ जास्त असेल तर सोबत उलटीवरचं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. झटका बऱ्याचदा उलटीनंतर किंवा झोपेनंतर उतरतो, आणि सगळं श्रेय पडलेल्या पित्ताला जातं. जाऊ दे, कोकम सरबतानं कुणाचं नुकसान झालेलं नाही. पण मेंदूभोवती रक्तस्राव झाला तरी उलटी होतेच. डोक्यातला दाब वाढला तरी होते. त्यामुळे उलटीवरून काही ठरत नाही. दुखणं किती जोराचं आहे यावरूनही पुरतं ठरत नाही, कारण अर्धशिशीसुद्धा माणसाला लोळवते.

ठरतं ते घड्याळावरून. शून्यापासून शिखरापर्यंत पोचायला किती वेळ लागला, हा प्रश्न. अर्धशिशीवाला सांगतो, 'सकाळपासून जरा जड होतं, दुपारनंतर वाढलं.' दुसऱ्या प्रकारचा माणूस क्षण सांगतो. कढईत मोहरी तडतडली, कढीपत्ता टाकायला हात उचलला आणि मानेवर कुणी घण घातला. जिन्याची कितवी पायरी होती, टीव्हीवर काय चालू होतं, सगळं त्याला आठवतं. एका मिनिटाच्या आत कळस गाठणाऱ्या दुखण्याला वीज कोसळल्यासारखी डोकेदुखी म्हणतात. अशी प्रत्येक डोकेदुखी रक्तस्रावाची नसते, पुष्कळशा नसतातच. पण ते घरी बसून ओळखता येत नाही. तासाभरानं कळ ओसरली म्हणून, किंवा पॅरासिटामॉलनं बरं वाटलं म्हणूनही धोका टळला असं होत नाही. मान आखडण्याची वाट पाहणं त्याहून चुकीचं. रक्तस्रावानंतर मान आखडायला काही तास लागतात.

म्हणून 'किती दुखतंय?' हा प्रश्न मागे ठेवून आधी विचारावं, 'सुरू झालं तेव्हा काय करत होतीस?' उत्तरात नेमका क्षण आला की पुढची दहा मिनिटं महत्त्वाची.

पहिलं काम, वेळ लिहून ठेवणं. कागदावर, हातावर, कुठेही. मग माणसाला आडवं करायचं, उलटी होत असेल तर कुशीवर. खायला-प्यायला काही नाही, चहासुद्धा नाही: गुंगी आली तर घोट श्वासनलिकेत जातो, आणि ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. डिस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम यांतलं काहीही नाही, कारण ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन रक्त गोठू देत नाहीत. डोक्याला मालिश नको, मान मोडणं तर नकोच. हसायला सांगून तोंड एका बाजूला ओढलं जातंय का, दोन्ही हात वर धरल्यावर एक खाली येतोय का, एक साधं वाक्य नीट बोलता येतंय का, एवढं पाहायचं. यातलं काही असेल तर पक्षाघाताचाही विचार होतो. मेंदूची नस गुठळीनं बंद झाली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही आधी सीटीत रक्तस्राव नाही हे पाहून. इथेही पुन्हा तीच लिहून ठेवलेली वेळ लागते.

मग १०८. गाडी दारात आहे म्हणून स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये. पुणेकराला याचा मोह फार, कारण दुचाकी गर्दीतून निघते. पण वाटेत शुद्ध हरपली तर मागचा माणूस धरणार कोण?

कुठे न्यायचं, यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. रात्री कोपऱ्यावरचं नर्सिंग होम जवळचं वाटतं. तिथे सलाईन लागतं, वेदनेचं इंजेक्शन मिळतं, माणूस झोपतो, 'सकाळी बघू' होतं. त्या सकाळीच गोची आहे. दुखणं सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत, चांगल्या मशीनवर काढलेला आणि जाणत्या रेडिओलॉजिस्टनं पाहिलेला साधा सीटी स्कॅन असा रक्तस्राव क्वचितच चुकवतो. पुढे पुढे रक्त पातळ होत, वाहून जात दिसेनासं होतं. त्यातून कारण रक्तवाहिनीवरचा फुटलेला फुगा असेल तर तो पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात मोठा. तेव्हा निघण्याआधी एक फोन करून दोनच प्रश्न विचारायचे: सीटी आत्ता चालू आहे का, आणि न्यूरोसर्जन रात्री उपलब्ध आहेत का? खासगीची ऐपत नसेल तर ससूनचा तातडीचा विभाग रात्रंदिवस उघडा असतो.

तिथे पोचल्यावर 'डॉक्टर, डोकं फार दुखतंय' हे वाक्य कुचकामी. त्या रात्री निम्मी रांग तेच म्हणत असते. 'रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी एकदम सुरू झालं, मिनिटाभरात कळस गाठला, असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं.' हे वाक्य ऐकलं की समोरच्याच्या हाताची गती बदलते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याच दमात सांगायचं, पाकीटच सोबत न्यायचं.

सीटी स्वच्छ आला पण उशिरा काढला होता, तर डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात. इथे नातेवाईक बिथरतात: 'पाठीत सुई घातली की पाय जातात.' मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून जाते. तिथे नुसत्या नसांच्या सुट्या दोऱ्या पाण्यात तरंगत असतात. नंतर काही दिवस उठून बसल्यावर डोकं दुखू शकतं, आडवं झालं की थांबतं. तो त्रास खरा आहे आणि त्यावर इलाजही आहे. रक्त विघटित होऊन पाण्याला पिवळी झाक यायला १२ तास लागतात, म्हणून ही तपासणी कधी कधी मुद्दाम थांबून करतात. तो हलगर्जीपणा नव्हे. काही ठिकाणी त्याऐवजी रक्तवाहिन्यांचा सीटी काढतात.

घरातल्या बीपी मशीनबद्दल दोन ओळी. १७० दिसलं की 'बीपीनंच दुखतंय' म्हणून जादा गोळी दिली जाते, कुणी जिभेखालीही ठेवतं. दुखण्यानंही बीपी वाढतं. ते झटक्यात खाली आणलं तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आकडा लिहून न्यावा, गोळीचं डॉक्टरांना ठरवू द्यावं.

आणि बाथरूम. डिसेंबरात खिडकी बंद, आत गॅस गिझर. अंघोळ करता करता डोकं दुखतंय, भोवळ येतेय, हातपाय गळतायत. आधी आत गेलेल्यालाही तसंच झालं होतं. हे ना पित्त ना अर्धशिशी, हा कार्बन मोनॉक्साइड. अपुऱ्या हवेत गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला ना वास ना रंग. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे साफ फसवतो. वायू चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच दिसतं, म्हणून ९८ दाखवतो. दार उघडायचं, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, मग गॅस बंद, आणि दवाखान्यात 'गॅस गिझर' हे शब्द उच्चारायचे. मुळात तो गिझर आणि त्याचं सिलिंडर बाथरूमच्या बाहेरच हवं.

बाळंतिणीच्या बाबतीत मन जरा कडक करावं लागतं. डोकं दुखतं म्हटलं की वारं लागलं असं ठरतं, कानाला फडका बांधला जातो आणि वर पाणीही बेतानं दिलं जातं. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यापासून ते बाळंतपणानंतरच्या ६ आठवड्यांपर्यंत डोकं जोरानं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बीपी १४०/९० च्या वर गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बाळंतिणीचं रक्त तसंही लवकर गोठतं, पाणी तोडल्यानं आणखी घट्ट होतं, आणि मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होऊ शकते. फडका बांधा हवं तर, पण पाणी भरपूर द्या.

बाकीचं भराभर लिहून ठेवते. ताप आणि आखडलेली मान: लगेच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, कंगवा लागला तरी टाळू दुखते, भाकरी चावताना जबडा थकतो: त्याच दिवशी, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. लाल डोळा, धूसर नजर आणि दिव्याभोवती रंगीत कडी: डोळ्यांचे डॉक्टर, रात्र असली तरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार बसला, तर दुखत नसलं तरी जायचं.

आणि नेहमीच्या, ओळखीच्या डोकेदुखीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाचा खाडा लिहितो त्याच चौकोनात गोळी घेतली की एक फुली. महिन्यात साध्या वेदनाशामकाच्या फुल्या १५ दिवसांवर, किंवा कॅफिनसारखं काही मिसळलेल्या गोळ्यांच्या १० दिवसांवर गेल्या आणि असे तीन-चार महिने निघाले, तर आता बहुधा गोळीच डोकं दुखवतेय. जोर वाढतोय, तऱ्हा बदलतेय, हेही त्या चौकोनांतच आधी दिसतं. संकष्टीला फुली पडतेच असं आढळलं, तर उपाशी राहण्याबरोबर त्या दिवशी चहाही तोडला होता का ते पाहावं. रोज चार कप पिणाऱ्याचं डोकं कॅफिन मिळालं नाही की १२ ते २४ तासांत दुखायला लागतं. फुलीशेजारी वेळ टाकायला विसरू नये. पेन मात्र दोरीनं खिळ्यालाच बांधून ठेवावं, ते कधी जागेवर सापडत नाही.